खुबा बदलून अकरा दिवस झाले. दिवस जातो, रात्र जात नाही

शेवंती५७ | रात्री ३:१०

झोप नाही म्हणून लिहितेय. विस्कळीत झालं तर चालवून घ्या.

उजव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आज अकरावा दिवस. पूर्ण सांधा बदललाय. २०२१ मध्ये कोविडमुळे दवाखान्यात होते तेव्हा स्टिरॉइड्स बरीच द्यावी लागली होती. त्यानंतर दीडेक वर्षाने जांघेत दुखायला लागलं. कळ गुडघ्यापर्यंत उतरायची, म्हणून आधी गुडघ्याचे एक्स-रे झाले, मग कंबरेचे, मग 'सायटिका असेल' म्हणून पट्टा. शेवटी एमआरआय केला तेव्हा एव्हीएन निघालं. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नव्हतं आणि तो खचत चालला होता. (जांघेत दुखतंय म्हणून कोणी कंबरेला शेक घेत बसला असाल तर एकदा खुब्याचा फोटो काढून घ्या, एवढं आधीच सांगून ठेवते.)

ऑपरेशन छान झालं म्हणतात. दुसऱ्या दिवशी उभं केलं, चौथ्या दिवशी घरी. आतून कुरतडणारं ते जुनं दुखणं खरंच गेलंय. आता आहे ते टाक्यांचं आणि सुजेचं, ते वेगळं. म्हणजे तक्रार करायला जागा नाही. तरी करते.

सत्तावन्न वर्षं मी डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपलेली बाई. आता पाठीवर, दोन पायांत ती त्रिकोणी उशी. मेलेल्या माणसासारखं वाटतं. मांडी सुजून केळीचा बुंधा झालीय, जखम मांडीला पण निळं-काळं घोट्यापर्यंत उतरलंय. उजवा पाय लांब झालाय असं सारखं वाटतं. पोट साफ होत नाही. आणि काल दुपारी ह्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, 'आमटीत गूळ किती घालू?' तर मला रडू कोसळलं. आमटीवरून!

घरात सासूबाई आहेत, ८४ वर्षांच्या, त्यांचाही वॉकर. पॅसेजमध्ये आम्ही समोरासमोर आलो की कोणीतरी मागे सरायला लागतं. त्या सरत नाहीत. शिवाय 'तिळाचं तेल कोमट करून पोटऱ्या रगडून घे, सूज उतरेल' हे दिवसातून चार वेळा.

यातून गेलेलं कोणी आहे का इथे? 'हळूहळू होईल' सोडून काहीही सांगा.

मनमौजी | सकाळी ६:४८

हळूहळू होईल ताई. काळजी घ्या.

टग्या_मास्तर | सकाळी ७:०५

मनमौजी, धागा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा असतो हो.

बांधावरचा | सकाळी ७:३०

ताई, माझा डावा खुबा बदलून चार वर्षं झाली. शेतात ट्रॅक्टर चालवतो आता. पण पहिले तीन आठवडे इतके वाईट होते की बायकोला म्हटलं होतं, उगाच कापून घेतलं, लंगडत होतो तेच बरं होतं.

रात्रीचं सांगतो. मी झोपेशी भांडणं सोडलं. अकरापर्यंत टीव्ही, मग दोन तास झोप, मग उठून वॉकरवर ओसरीत चार फेऱ्या, परत आडवा. पहाटे चारला दूधवाल्याआधी मी जागा. दिवसा दीड तास झोपायचो आणि कोणी 'दिवसा झोपता म्हणून रात्री झोप नाही' म्हटलं की सरळ ऐकून सोडून द्यायचो. फक्त रात्री उठताना दिवा लावल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. उशाशी बॅटरी, पाण्याचा थर्मास आणि घंटी. आमच्याकडे बैलाच्या गळ्यातली होती, ती वाजवायचो. पोरं म्हणायची, सर्जा उठला.

दुखायची गोळी दुखायला लागल्यावर घेऊ नका. डॉक्टरांनी जी वेळ लिहिलीय त्या वेळेला घ्या. मी मर्द बनायला गेलो, दोन दिवस गोळी टाळली, मग व्यायामच होईना.

ओवी_फिजिओ | सकाळी ९:१२

शेवंतीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या सर्जनचा शब्द शेवटचा.

सूज आणि निळेपणा खाली उतरणं या दिवसांत नेहमीचं आहे. ऑपरेशनच्या जागचं रक्त आणि पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपतं. चालल्यावर, बसल्यावर वाढतं, सकाळी कमी असतं. आडवं असताना पाय उशीवर थोडा उंच, आणि बर्फ रुमालात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. शेक नाही. पावलं वर-खाली करण्याचा व्यायाम दर जागत्या तासाला करा. पोटरी हा पायाचा पंपच असतो, ती आवळली की रक्त वर ढकललं जातं.

मालिश मात्र नको. सासूबाईंना माझं नाव सांगा. या काळात पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणूनच तुम्हाला पोटात इंजेक्शन किंवा रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असणार. तिथे जोरात रगडणं धोक्याचं.

पाय लांब वाटणं: इतके महिने तुम्ही दुखऱ्या बाजूला वाचवत वाकड्या चालत होतात. तिथले स्नायू आखडलेत आणि कंबर तिरकी झालीय. नव्या सांध्याने उंची मूळ जागी आणली की मेंदूला तीच चूक वाटते. बऱ्याच जणांचं हे काही आठवड्यांत, काहींचं दोन-तीन महिन्यांत जातं. तोपर्यंत स्वतःच्या मनाने चपलेत गादी घालू नका. खरंच फरक राहिला तर डॉक्टर मोजून सांगतील.

आता थांबायचं नाही अशा गोष्टी. एका पोटरीत नव्याने दुखणं, ती घट्ट आणि गरम लागणं. धाप किंवा छातीत कळ. जखमेतून पाणी-पू, थंडी-ताप. एकदम पाय टेकवताच न येणं, किंवा पाय आखूड होऊन आत वळलेला दिसणं. यातलं काही झालं तर इथे विचारत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. रात्रीचे तीन वाजले असतील तरी.

टग्या_मास्तर | सकाळी १०:२०

वरच्या दोघांनी कामाचं सांगितलं, आता मी जुगाड सांगतो. दोन्ही खुबे बदललेत, २०१७ आणि २०१९. म्हणजे मी या विषयातला द्विपदवीधर.

मुळात हे दुखणं पायाचं कमी आणि उंचीचं जास्त. आपलं सगळं घर जमिनीपासून वीतभर उंचीवर मांडलेलं असतं. पाट, चौरंग, बैठा दिवाण, देवघर, खालच्या कप्प्यातला कुकर. आणि तुम्हाला तर नव्वद अंशांच्या पलीकडे वाकायचं नाही. सोप्या भाषेत, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जायला नको. तर:

सोफा विसरा. रुतणारा मऊ सोफा म्हणजे पिंजरा, आत जाता येतं, बाहेर निघता येत नाही. हाताची खुर्ची हवी, बैठक साधारण अठरा-वीस इंच, तीही तुमच्या उंचीप्रमाणे. कमी पडली तर घडी घातलेली जाड सतरंजी. पलंगाखाली सुताराकडून चार लाकडी ठोकळे करून घेतले, वर खाच असलेले, म्हणजे पाय घसरत नाही. विटा लावू नका, एक फुटली तर तुम्ही आणि पलंग दोघेही जाल.

कमोडवर बसवायचा बूस्टर घेताना क्लॅम्पचा घ्या आणि रोज सकाळी एकदा हलवून बघा. माझा नुसता वर ठेवायचा होता. चौथ्या दिवशी मी डावीकडे आणि बूस्टर उजवीकडे. भिंतीचा नळ धरला म्हणून वाचलो, नळ वाचला नाही.

वॉकरला साडीच्या दुकानातली कापडी पिशवी अडकवा. फोन, चष्मा, थर्मास त्यात. हातात कप घेऊन वॉकर चालवता येत नाही, हे प्रत्येकाला एकदा चहा सांडूनच कळतं. पडलेली वस्तू उचलायला लांब चिमटा मिळतो. तो येईपर्यंत मी घरच्यांना ओरडत होतो, तेही चालतं. पायपुसणी सगळी गोळा करून माळ्यावर टाका. चार्जरच्या वायरी सुद्धा.

जिन्यासाठी माझं सूत्र: चढताना धट्टीकट्टी, उतरताना लुळीपांगळी. म्हणजे चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

लीड्सकर | दुपारी २:४०

वाचतोय. माझं इथे इंग्लंडमध्ये मागच्या वर्षी झालं. ऑपरेशनच्या आधीच एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी माझ्याकडून घरातली खुर्ची, पलंग आणि कमोड यांची उंची इंचात लिहून घेतली. उंच कमोडसीट आणि स्वयंपाकघरात टेकून बसायचं उंच स्टूल ऑपरेशनच्या आधी घरी हजर. मग तिसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि पोटात इंजेक्शन कसं टोचायचं ते मलाच शिकवलं. नर्स रोज घरी येईल अशा भ्रमात होतो.

इथली वस्तूंची सोय चांगली, पण बैलाची घंटी वाजवल्यावर धावत येणारं कोणी नव्हतं. बायको सकाळी साडेसातला कामावर जायची. दुपारचं जेवण थर्मासमध्ये भरून टेबलावर. एक वाजता सूप पिताना खिडकीतून समोरच्या घराची कुंपणाची भिंत बघायचो. ताई, आमटीवरून रडू आलं ना, मला एकदा पोपटी रंगाच्या कचऱ्याच्या डब्यावरून आलं होतं. का ते आजही सांगता येणार नाही.

(अवांतर: आज जो सांधा बसवतात त्याचा पाया लँकेशायरच्या राइटिंग्टन हॉस्पिटलात जॉन चार्नलींनी १९६२ मध्ये घातला. धातूचा छोटा गोळा, प्लॅस्टिकची वाटी. माझ्या घरापासून फार लांब नाही ते. बरा झाल्यावर मुद्दाम गाडी घेऊन बघून आलो. साधं हॉस्पिटल आहे, बघण्यासारखं काही नाही.)

रानजाई | दुपारी ४:१५

माझा प्रतिसाद थोडा वेगळा, मी पेशंट नाही, पेशंटची मुलगी. आई ७९ ची. न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. म्हणजे गोळा नवा, वाटी तिचीच.

ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आई मला ओळखेना. 'माझी म्हैस सोडली कुणी' म्हणून ओरडत होती. आमच्याकडे चाळीस वर्षांत म्हैस नाही. मी भेदरले, मेंदूला काही झालं असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसांत ऑपरेशननंतर असा भ्रम पुष्कळदा होतो. त्यांनी तपासण्या केल्या, पण सांगितलं ते साधं होतं: चष्मा लावा, कानाचं यंत्र लावा, दिवसा पडदे उघडे ठेवा, समोर घड्याळ ठेवा, तारीख-वार सांगत राहा, घरचं माणूस जवळ ठेवा. पाच-सहा दिवसांत आई ताळ्यावर आली. म्हशीचं तिला काहीच आठवत नाही. घरात वयस्कर पेशंट असेल तर हे आधी माहीत असावं, आम्हाला नव्हतं.

शेवंतीताई, ह्यांच्याकडेही लक्ष असू द्या. सांभाळणारा माणूस आठव्या-दहाव्या दिवशी मोडतो. मी आईवर एका वाटीभर लापशीसाठी ओरडले होते.

पैलतीर | संध्याकाळी ६:०२

इथे सगळे उगाच घाबरवत आहेत. माझ्या भावाचा खुबा बदलला, सर्जनने कुठलीच बंधनं सांगितली नाहीत. ना उशी, ना नव्वद अंश. तिसऱ्या आठवड्यात तो खाली बसून जेवला. आजकालच्या नव्या पद्धतीत हे काही लागत नाही.

टग्या_मास्तर | संध्याकाळी ६:२०

भावाला शुभेच्छा. माझ्या ओळखीच्या एकाने पाचव्या आठवड्यात चप्पल घालायला वाकून सांधा निखळवून घेतला. ॲम्ब्युलन्सचं बिल दाखवू का?

ओवी_फिजिओ | संध्याकाळी ७:४५

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. सांधा बसवायला खुबा कुठून उघडला त्यावर हे अवलंबून असतं. मागच्या बाजूने उघडला असेल तर मागचं आवरण आणि स्नायू कापून परत शिवलेले असतात. ते भरून येईपर्यंत खूप वाकणं, पाय मध्यरेषेपलीकडे नेणं आणि पाऊल आत वळवणं, विशेषतः तिन्ही एकदम, म्हणजे गोळा वाटीतून मागे निसटायला वाट देणं. पुढून उघडला असेल तर मागचं सगळं शाबूत असतं, म्हणून बंधनं कमी किंवा वेगळी असतात. काही सर्जन मागून करूनही हल्ली बंधनं सैल ठेवतात, कारण त्यांनी टेबलावरच सांधा किती घट्ट बसलाय ते फिरवून पाहिलेलं असतं.

म्हणून दुसऱ्याच्या भावाचा नियम आपल्याला लावायचा नाही. डिस्चार्ज कार्ड घेऊन सर्जनला तीन प्रश्न विचारा: कुठून उघडलंत, पायावर किती वजन टाकू, बंधनं किती आठवडे. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं हा चौथा प्रश्न, आपल्याकडे तो विचारायलाच हवा.

शेवंती५७ | रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार, एकेकाला नंतर उत्तर देते. कार्ड काढून बघितलं, माझं मागून उघडलंय. म्हणजे पैलतीर, तुमच्या भावाची गंमत मला नाही.

आज एक मूर्खपणा केला. फोन पलंगाखाली पडला आणि घरात कोणी नाही म्हणून वाकले. अर्ध्यात आठवलं, तशीच थिजले. खटकन आवाज झाला असं वाटलं. दहा मिनिटं घाम. ओवीताई, काही झालं असेल का?

ओवी_फिजिओ | रात्री ११:४१

पायावर उभं राहता येतंय का? पाय आधीएवढाच लांब आणि पाऊल आधीसारखंच सरळ आहे का? नव्याने जोरात कळ?

शेवंती५७ | रात्री ११:४४

उभी आहे. चालले पण. कळ नाही. पाऊल सरळ.

ओवी_फिजिओ | रात्री ११:५२

मग सांधा निखळल्याची लक्षणं नाहीत. निखळला असता तर तुम्ही टाइप करत नसता. तरी उद्या सकाळी सर्जनच्या दवाखान्यात फोन करून कानावर घाला. सूज असताना आत असे आवाज ऐकू येतात. आणि तो फोन आता गळ्यात अडकवा.

बद्धकोष्ठाचं राहिलं. दुखायच्या काही गोळ्यांनी आतडी मंदावतात, ट्रामाडॉल त्यातलंच. पाणी वाढवा, पपई, भिजवलेल्या मनुका, आणि रात्री इसबगोल चालेल का ते डॉक्टरांना विचारा. कमोडवर पुढे झुकून जोर करायचा नाही, तेही वाकण्यातच जमा.

बांधावरचा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:५५

भेटायला येणाऱ्यांचं कोणी बोललंच नाही. माझ्याकडे पहिल्या आठवड्यात चाळीस माणसं. प्रत्येकाला मी ऑपरेशन पहिल्यापासून सांगायचो आणि प्रत्येकजण मला पडलेल्या एका माणसाची गोष्ट सांगायचा जो परत उठलाच नाही. मग बायकोने दाराला कागद लावला, 'पेशंट झोपले आहेत.' आणि डिंकाचे लाडू आले तर नाही म्हणू नका, पण दिवसाला एकच. हलणं बंद आणि लाडू चालू, वजन वाढलं की तोच सांधा रडतो.

शेवंती५७ | सतरावा दिवस

टाके निघाले. पिना होत्या, २६. मोजल्या. फार दुखलं नाही, मुंगी चावल्यासारखं.

सर्जनने डाव्या कुशीवर झोपायची परवानगी दिली, मांडीपासून घोट्यापर्यंत जाड उशी दोन्ही पायांत ठेवून, वरचा पाय पुढे घसरू द्यायचा नाही. ह्यांनी जुनी गादी कापून तशी लांब उशी शिवली. काल सलग चार तास झोपले! उठून आधी घड्याळ बघितलं, मग विश्वास बसला.

रिक्षाने गेलो नाही, भाच्याच्या गाडीने गेलो. सीट पूर्ण मागे, थोडी टेकती, वर प्लॅस्टिकची पिशवी. पाठ करून आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत, पिशवीवरून अंग आपोआप सरकतं. ही युक्ती तिथल्या वॉर्डबॉयने सांगितली, डॉक्टरांनी नाही.

हिमोग्लोबिन ९.२ निघालं. थकवा आणि रडणं यात त्याचाही हात असणार म्हणाले. लोहाच्या गोळ्या चालू.

पॅसेजचा प्रश्न: ह्यांनी नियम केला, बाथरूमकडे जाणारीला वाट द्यायची. सासूबाई आता कायम बाथरूमकडेच जात असतात.

रानजाई | त्याच दिवशी

हाहा. आजींना नमस्कार सांगा.

शेवंती५७ | चव्वेचाळिसावा दिवस

धागा वर काढतेय, कारण काहींनी विचारलं.

सहा आठवड्यांचा एक्स-रे झाला, सांधा जागेवर आहे. वॉकर सुटला, काठी आली. मी काठी उजव्या हातात धरत होते, कारण पाय उजवा. फिजिओंनी काढून डाव्या हातात दिली. विरुद्ध हातात धरली की कंबर कलत नाही, दोन पावलांतच फरक कळला. पाय लांब असल्याचं अजून संध्याकाळी जाणवतं, सकाळी नाही. नव्वद अंशांचं बंधन आणखी सहा आठवडे. मांडी घालण्याबद्दल सर्जन म्हणाले, तीन महिन्यांनी बघू, पण जमिनीवर बसायची सवय कायमची सोडलीत तर मला आवडेल. देवघर ओट्याच्या उंचीवर हलवलंय. जरा परकं वाटतं, देवांनाही वाटत असेल.

मोजे अजून हेच घालून देतात. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या पायाला हात लावला नव्हता, आता रोज सकाळी जमिनीवर बसून मोजा चढवतात आणि तेवढ्यात पेपरमधली बातमी सांगतात. आमटी मात्र गोडच करतात.

कमोडचा बूस्टर सर्जनने उतरवायला सांगितला, आमचा कमोडच उंच आहे म्हणून. चार इंची, क्लॅम्पचा, चांगल्या स्थितीत. सांगली-मिरजेत कोणाला हवा असेल तर निरोप करा, असाच देईन.

संपादन: बूस्टर आता उपलब्ध नाही. सासूबाईंनी ठेवून घेतला.